शहराची पडवी

मृगाचा पाऊस लागला की रत्नागिरीची संध्याकाळ बंद होते. दुकानं उघडी असतात, एसटी येत-जात असते, मारुती मंदिरच्या नाक्यावर गर्दीही तेवढीच असते. पण मे महिन्यात जी संध्याकाळ भाट्याच्या वाळूत, मांडवीच्या जेटीवर आणि शहराबाहेरच्या सड्यांवर पसरलेली असते, ती एका रात्रीत घराघरांत कोंडली जाते. भाट्याचा किनारा उधाणाच्या ताब्यात जातो. मांडवीला वारा उभं राहू देत नाही. सड्यावर पोरांनी मेहनतीने तयार केलेली क्रिकेटची खेळपट्टी कातळातल्या डबक्यांखाली नाहीशी होते, आणि पुढे तिच्या कडेने तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत.

मला हा पाऊस मनापासून आवडतो. पागोळ्यांचा आवाज, ओल्या जांभ्याचा गडद लाल रंग, कुंपणावर चढत जाणारे पडवळ-घोसाळ्याचे वेल, ह्यातलं काहीही मला कमी नको आहे. पण वर्षाचा तिसरा हिस्सा एका शहराने अंग चोरून बसावं, मुलांनी पळू नये, म्हाताऱ्यांनी चालू नये, बायकांनी स्वयंपाकघर ते गॅलरी एवढ्याच फेऱ्या घालाव्यात, हे काही पावसाने ठरवलेलं नाही. आपण पुरेसं मोठं छप्पर बांधलं नाही, म्हणून हे असं चाललंय.

पूर्वी ते छप्पर घरालाच असे. कोकणातलं जुनं घर बांधताना पावसाळा आधी डोळ्यांसमोर ठेवत. समोर लांबलचक पडवी, तिच्यावर खाली उतरत आलेली कौलं, वाऱ्याच्या बाजूने झड आत येऊ नये म्हणून बांधलेली नारळाची झापं. पडवीच्या आत ओटी, ओटीच्या आत माजघर. पडवीत सायकल, नांगर, जळाऊ लाकडं आणि घरातली-शेजारची झाडून सगळी पोरं. सागरगोटे, बिट्ट्या, लगोरीचा एखादा आखूड अवतार, नाहीतर नुसतीच ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत शर्यत. ओटीवर पत्त्यांचा डाव आणि झोपाळा. आषाढातली संततधार आठ-आठ दिवस उघडली नाही तरी त्या घरातल्या माणसांचं अंग आखडत नसे, कारण पावसात न भिजता हातपाय हलवता येतील इतकी जागा घराने स्वतःकडे राखून ठेवलेली असे.

माजघराचं तर विचारूच नका. श्रावणातल्या मंगळवारी आमच्या आत्याच्या घरी मंगळागौर असली की दुपारपासूनच सामान हलवायला सुरुवात व्हायची. पेट्या भिंतीला, पाट फडताळावर, जातं कोपऱ्यात. सारवलेली जमीन पायाला गार लागायची. रात्री जेवणं उरकली की बायका पदर खोचायच्या, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत मी जे पाहिलं तसं अंगमेहनतीचं दृश्य पुढे फार थोड्या ठिकाणी पाहिलं. साधी फुगडी, मग एका हाताची, मग दंडफुगडी, मग बसफुगडी. बसफुगडी म्हणजे उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या. आजच्या व्यायामशाळेत धडधाकट तरुणालाही ती मिनिटभर जमणार नाही, आणि तिथे साठीच्या वाटतील अशा काकू ती घालत होत्या. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं, आणि भोवतीच्या बायका त्यांना आणखी चेव आणत होत्या. झिम्मा, पिंगा, लाट्या, आगोटा-पागोटा, सूप नाचवणं, सासू-सुनेची लटकी भांडणं. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता. आतल्या टाळ्यांपुढे तो ऐकूही येत नव्हता.

ऐन पावसात, शेतावरची आवणी उरकल्यावर, रात्रीच्या वेळी, छपराखाली, फक्त बायकांसाठी, वय न बघता, एकही पैसा न घेता शरीर मोकळं करायची ती सोय होती. देवीचं नाव होतं म्हणून घरातलं कुणी अडवत नव्हतं. कुणबीवाडीत गौरी-गणपतीला फुगड्या रंगत, आणि पुरुषांची जाखडी घरोघरच्या ओटी-अंगणांत नाचत फिरे. वर्षातला सगळ्यांत कोंदट ऋतू आपल्या लोकांनी खेळांनी भरून टाकला होता.

त्या घरांबद्दल उसासे टाकत बसायची मात्र माझी इच्छा नाही. तशी ऐसपैस घरं सगळ्यांच्या वाट्याला नव्हती. ज्यांच्याकडे होती, त्यांच्या ओटीची पायरी सगळ्यांना चढू दिली जात नव्हती. मंगळागौरीच्या माजघरात घरातल्या विधवा बाईला जागा नव्हती. ती दाराआड उभी राहून बघायची, हेही मी त्याच रात्री पाहिलं. खासगी छपराचं हे असंच असतं. आत कुणी यायचं ते घरमालक ठरवतो.

आता ती घरं बहुतेक गेली. जागेच्या वाटण्या झाल्या, कौलारू घरं पाडून तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यात बाथरूमला टाइल्स आहेत, चोवीस तास वीज आहे, साप-विंचवाची भीती नाही. हे सगळं चांगलंच झालं. फक्त पडवी गेली. सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये सोफा आणि टीव्ही बसल्यावर लहान मुलाला कोलांटी उडी मारायला जागा राहत नाही. खाली पार्किंगमध्ये खेळायला गेलं की गाड्यांना चेंडू लागतो म्हणून ओरडा, जिन्यात खेळलं की खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोपमोड. मूल तरी काय करणार? मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतं. मग आपण त्याला मोबाइलचं वेड लागलं म्हणून त्याच्यावर चिडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शाळकरी मुलाला रोज सरासरी तासभर तरी दम लागेलसं खेळायला हवं. जुलैच्या पंधरवड्यात आमच्या इमारतीतलं कुठलं मूल तासभर पळू शकतं? आणि कुठे?

मोठ्यांचंही तेच. आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मुलगा मुंबईत, सूनबाईही तिकडेच. गुडघे धरलेत आणि साखर वाढलीय, म्हणून डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. ऑक्टोबर ते मे त्या नेमाने चालतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना विचारलं, "मावशी, हल्ली चालणं बंद का?"

"अगो, चालू कुठे?" त्या म्हणाल्या. "रस्त्यावर खड्डे की पाणी ते कळत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने साडी. घसरले तर उचलायला घरात कोण आहे?"

मावशींचा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त. त्यामागचं कारण घराघराला ठाऊक आहे. कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला चाकरीला गेले. घर, शेत, म्हातारे सासू-सासरे आणि पोरं सांभाळत बायका इथे राहिल्या. म्हणजे ह्या भागातलं कुठलंही शहर आधी बायकांचं आणि वृद्धांचं आहे. त्यांच्यासाठी आपण काय बांधलं, ह्याची यादी केली तर ती फार लवकर संपते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जगभरच्या आकडेवारीचा एक अभ्यास छापून आला. त्यातल्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे आणि बायकांत ५७. हे आकडे वाचून कुणी म्हणेल की बायका आळशी झाल्या. ज्या बाईचा दिवस पहाटे पाचला ओट्याशी सुरू होतो, तिला आळशी म्हणणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही. तिला स्वतःच्या अंगासाठी एक तास आणि एक जागा हवी आहे. तास ती कसाबसा काढेल. जागा तिला एकटीला काढता येणार नाही.

पुरुषांनी आपापल्या जागा शोधल्या आहेत, तुटपुंज्या का होईनात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या ओळीने नांगरून पडलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि दुपारपासून हाताला दुसरं काम नसतं. मग कुठल्या तरी मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत कॅरम रंगतो. अशी एक खोली मी दारातून पाहिली आहे. बोर्डाच्या बरोबर मध्यावर, हातभर उंचीवर, जुन्या तारेचा पिवळा बल्ब लोंबत होता. मला वाटलं, उजेडासाठी. तिथल्या एका तांडेलाने समजावून सांगितलं की उजेडाला वर ट्यूब आहेच. हा बल्ब उबेसाठी. हवेतल्या दमटपणाने फळी ओल धरते, पावडर चिकटते आणि जोरात मारलेली सोंगटी अर्ध्या वाटेत थांबते. बल्बच्या उबेने फळी कोरडी राहते. एलईडी दिव्याला ऊब नसते म्हणून तो उपयोगाचा नाही, त्यामुळे जुने बल्ब आता ते शोधून शोधून आणतात. चौघं खेळत होते आणि वीसेक जण उभे राहून बघत होते. राणी घेतल्यावर कव्हर पडेल की नाही ह्यावर सगळ्यांचा श्वास अडकला होता. पाठीमागे तंबाखूच्या पुड्या आणि दारूच्या एक-दोन बाटल्याही होत्या, कारण त्या खोलीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्या वीस जणांना मला नावं ठेवायची नाहीत. पावसाशी इतकी झुंज घेऊन एवढासा कोरडा चौकोन ज्यांनी राखला, त्यांना शहराने आणखी थोडी कोरडी जागा द्यायला हवी, एवढंच मला दिसतं. त्या दारातून आत जायचं धैर्य मात्र मला झालं नाही, आणि गावातल्या कुठल्याही मुलीला ते होणार नाही.

तर मला हवंय ते असं. एक मोठी, उंच, कोरडी, उजेडाची जागा, नगर परिषदेच्या मालकीची, जिथे येण्यासाठी कुणाचं निमंत्रण लागत नाही, कुठल्या मंडळाचं सभासदत्व लागत नाही आणि अंगावर कुठल्या दर्जाचे कपडे आहेत ते कुणी बघत नाही. शहराची पडवीच म्हणा. आणि ही पडवी जुन्या पडवीपेक्षा चांगली असेल, कारण तिची पायरी सगळ्यांना चढता येईल.

हे रत्नागिरीला नवं नाही. इथलं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. रेल्वे नव्हती, मुंबई विद्यापीठ नव्हतं, मुंबईला जायचं तर गलबताने, अशा काळात ह्या शहरात सार्वजनिक वाचनासाठी छप्पर उभं राहिलं आणि ते आजतागायत टिकलं. पुढे भागोजीशेठ कीर यांनी बांधून दिलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींच्या माणसांना खुलं झालं. एका छपराखाली सगळ्यांनी यावं ह्यासाठी त्या काळी किती जणांचा रोष पत्करावा लागला, ते इथल्या जुन्या माणसांनी ऐकलेलं आहे. बुद्धीसाठी छप्पर झालं, श्रद्धेसाठी झालं, नाटकासाठी नाट्यगृह झालं. शरीरासाठी आणि खेळासाठी तसंच एखादं व्हावं, ही मागणी त्याच ओळीतली पुढची आहे.

घाट चढून कोल्हापूरला गेलं तर तिथे पेठेपेठेत तालीम दिसते. तालीम म्हणजे मुळात छपराखालची खेळाची जागाच की. बाहेर पाऊस असो की ऊन, आत हौद्यातली तांबडी माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मऊ राखलेली. शाहू महाराजांनी ह्या तालमींना आणि मल्लांना आधार दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं. राज्यकर्त्याने खेळासाठी पैसा घातला तर गावाची नुसती अंगकाठीच नव्हे, चालणं-बोलणंही बदलतं, ते कोल्हापुरात आजही दिसतं. तालमींनी बायकांना लांब ठेवलं, ही त्यांची उणीव. नवीन जागा बांधताना ती भरून काढता येते.

आणि बॅडमिंटन. मला स्वतःला ह्या खेळाचं फार कौतुक वाटतं. १८७० च्या दशकात पुण्याच्या ब्रिटिश छावणीत ह्याचे नियम बांधले गेले, आणि सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा तसा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पण माझं कौतुक फुलासाठी आहे. बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं. पंख्याच्या झुळुकीनेही ते वाट सोडतं. ज्याला हे खेळायचं असेल त्याला वाऱ्यापासून पूर्ण तुटलेली जागा लागते, तेरा मीटर चाळीस लांब आणि सहा मीटर दहा रुंद, आणि डोक्यावर नऊ ते बारा मीटर मोकळं अंतर. जुलैत बाहेर झाडं मोडतील असा नैर्ऋत्येचा वारा सुटलेला असताना, शहरातल्या एका खोलीत पाच ग्रॅमचं फूल सरळ रेषेत जाईल इतकी हवा स्तब्ध असावी, ही कल्पनाच मला फार सुंदर वाटते. अशी खोली घरात कुणालाही बांधता येत नाही, कितीही पैसा असला तरी. ती मिळूनच बांधावी लागते.

हवामानाचं रडगाणं थांबवून छप्पर बांधणाऱ्यांचं एक उदाहरण मला वारंवार आठवतं, ते आइसलंडचं. अख्ख्या देशाची वस्ती पावणेचार-चार लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. हिवाळ्यात दिवसाचा उजेड चार-पाच तास, वारा बोचरा, जमीन गोठलेली. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं तेव्हा ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात पालकांनी मुलांबरोबर जास्त वेळ घालवला, उशिरा बाहेर राहण्यावर बंधनं आली, आणि त्याचबरोबर खेळ, संगीत, नृत्य शिकायला सरकारी पैसा मिळू लागला. रेक्याविकमध्ये पालिका प्रत्येक मुलामागे त्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम देते. गावोगाव गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव पूर्वीपासून होते. २००० पासून फुटबॉलची अख्खी मैदानं छपराखाली आली. त्या छपरांखाली वाढलेल्या मुलांच्या संघाने २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला हरवलं. तो विजय जगाने पाहिला. मला मात्र ४२ चे ५ झाले, हा त्यांचा मोठा विजय वाटतो. तो एखाद्या स्पर्धेपुरता नव्हता, घराघरात झाला.

मिरकरवाड्याच्या खोलीतल्या त्या बाटल्या मला इथे आठवतात.

आता पैशाचं. नगर परिषदेच्या कुठल्याही सभेत हा विषय काढा, पहिला प्रश्न येतो: "आधी पाणी द्या, मग खेळा." प्रश्न खरा आहे. शीळ धरणावर अवलंबून असलेल्या ह्या शहरात एप्रिल-मेमध्ये नळाकडे डोळे लावून बसावं लागतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, ही वेदना मलाही आहे. पण जरा हिशेब करून बघू. चार बॅडमिंटन कोर्टं, भोवती चालायची वाट, टेबल टेनिस-कॅरम-बुद्धिबळाची खोली, बायकांसाठी एक सभागृह आणि स्वच्छतागृहं, एवढं बसवायला साधारण हजार चौरस मीटरचं छप्पर लागेल. हजार चौरस मीटरवर तीन मीटर पाऊस म्हणजे तीन हजार घनमीटर, म्हणजे तीस लाख लिटर पाणी. सगळं साठवता येणार नाही. पण निम्मं जरी टाकीत आणि विहिरींत मुरवलं तरी ते छप्पर शहराकडून पाणी मागणारं राहत नाही, देणारं होतं. शिवाय नदी चढते तेव्हा माणसांना न्यायचं कुठे, हा प्रश्न कोकणातल्या शहरांना आता दर काही वर्षांनी पडतो. २२ जुलै २०२१ ची चिपळूणच्या पुराची रात्र ज्यांनी भोगली, त्यांना उंचावरच्या मोठ्या, मजबूत, कोरड्या जागेची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांच्या कामांची यादी आहे, ७४ व्या दुरुस्तीने आलेली. अठरा विषय. त्यातल्या एकात उद्यानं, बागा, क्रीडांगणं अशा नागरी सुविधा येतात. सगळ्या मोकळ्या आभाळाखालच्या. ही यादी देशासाठी आहे, आणि देशाच्या पुष्कळ भागांत ती पुरते. सोलापूर-लातूरकडे उद्यान वर्षातले बहुतेक दिवस कामाला येतं. कोकणात उद्यान चार महिने चिखल असतं आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तवा. इथे बागेइतकंच छप्पर गरजेचं आहे, आणि ते त्याच विषयाखाली मागता येतं. घसरगुंडी आणि सिमेंटचा हत्ती बसवून उद्यानाचं उद्घाटन करण्याआधी प्रत्येक नगरसेवकाने, नगरसेविकेने, त्या उद्यानाकडे एकदा ऑगस्टमध्ये जाऊन बघावं असं मला फार वाटतं.

जिल्ह्याला क्रीडा संकुल असतं, तालुक्यांना मंजूर होतं, हे मला माहीत आहे. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होतो आणि व्हायलाच हवा. पण संकुल बहुधा शहराच्या टोकाला असतं, आणि तिथे जाणारा आधीपासून खेळाडू असतो. मावशींना पदकं मिळवायची नाहीत. त्यांना सपाट जमिनीवर, पंख्याखाली, ओळखीच्या चार बायकांबरोबर अर्धा तास चालायचंय. पाचवीतल्या मुलाला रांगेत उभं राहून निवड चाचणी द्यायची नाही. त्याला घाम येईपर्यंत नुसतं पळायचंय. न खेळणाऱ्यांसाठीची जागा घराजवळ हवी, रिक्षा न करता पोचता येईल अशी.

आणि तिची किल्ली. सगळ्या गोष्टी किल्लीपाशी येऊन अडतात. एका तालुक्याच्या ठिकाणी मी बंदिस्त क्रीडागृह पाहिलं होतं. इमारत भक्कम, रंगही बरा. शटरच्या कुलुपावर गंज चढून त्याचा रंग जांभ्यासारखा झाला होता. शेजारच्या टपरीवाल्या भाऊंना विचारलं तर म्हणाले, "निवडणुकीत पेट्या ठेवतात तेव्हा उघडतात. मधे एक लग्न झालं होतं." खिडकीच्या काचेला हात लावून आत पाहिलं. लाकडी जमीन ओल लागून मधोमध फुगली होती आणि तिच्यावर टेबल टेनिसची दोन टेबलं न उघडताच घडी करून उभी होती. इतकं उदास मला फार कमी वेळा वाटलं आहे. पैसे आले होते, बांधकाम झालं होतं, फीत कापली गेली होती. पगार घेणारा एक माणूस आणि विजेच्या बिलाची तरतूद एवढंच राहून गेलं होतं.

म्हणून बांधकामाच्या रकमेआधी मी चालवण्याच्या रकमेचं बोलेन. पहाटे साडेपाचला उघडणारं आणि रात्री दहाला बंद करणारं पगारी माणूस, शक्य तर एक बाई आणि एक पुरुष. कोकणच्या दमट हवेत लाकडापेक्षा टिकेल अशी जमीन. पहाटेची वेळ ज्येष्ठांची, अकरा ते एक बायकांची, चार ते सात मुलांची, त्यानंतर कामावरून सुटलेल्यांची. आठवड्यातल्या काही रात्रीही बायकांच्या, कारण नोकरी करणारीला सकाळी अकरा वाजता कुठून वेळ असणार? शुल्क मोलकरणीच्या मुलीलाही जड जाणार नाही इतकं, शाळकरी मुलांना तेही नको. लग्न, सत्कार, प्रदर्शन ह्यांना ठाम नकार, तसा ठराव सभेतच करून. स्वच्छतागृहाचं दार आतून लागतंय ना, हे दर आठवड्याला बघणारं कुणीतरी. हे तपशील क्षुल्लक वाटतील, पण तरुण मुलगी दुसऱ्या दिवशी परत येते की नाही ते ह्यांच्यावरच ठरतं.

श्रावणात त्या सभागृहात मंगळागौर खेळावी. खुशाल खेळावी, आणि त्यात सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या बायकांनी यावं. राजिवड्याच्या, मिरकरवाड्याच्या, नाचण्याच्या. पाय जुळवून, हात घट्ट धरून दोघी गरगर फिरू लागल्या की कोण कुठल्या वाडीतली ते दिसतही नाही.

नवीन इमारतीला वेळ लागेल हे मला कळतं. जागा, आराखडा, निविदा, मंजुरी, ह्यात दोन-तीन पावसाळे सहज जातील. तोवर थांबायचं कारण नाही. नगर परिषदांच्या मराठी शाळांचा पट घसरत चाललाय. अनेक शाळांत वर्ग रिकामे आहेत, कुठे प्रार्थनेचं सभागृह दुपारनंतर बंद पडलेलं असतं. त्या इमारती शहराच्या मध्यवस्तीत आहेत, जांभ्याच्या भक्कम भिंतींच्या आहेत आणि आपल्याच मालकीच्या आहेत. त्यांतल्या एक-दोन शाळांची सभागृहं येत्या जूनपासून संध्याकाळी पाच ते नऊ उघडता येतील. चार कॅरम बोर्ड, दोन टेबल टेनिसची टेबलं, बुद्धिबळाचे पट, भिंतीकडेने चालायला मोकळी जागा, दोन माणसांचा पगार. अंदाजपत्रकात ह्यासाठी एक ओळ लागेल आणि ती मार्चच्या आत घालावी लागेल. एप्रिलमध्ये कौलं शाकारून घ्यायची, मे महिन्यात दिवे आणि पंखे. बायकांच्या वेळा फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, आणि पहिल्या आठवड्यात दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकीला आत या म्हणायला कुणीतरी हवं. ते काम मी करायला तयार आहे.